पुसलेल्या कंटेनरमधलं एक्केचाळिसावं रेकॉर्डिंग

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. माझी नोकरीच अशी आहे की बिघाडाचं कारण लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, सापडतंच, आणि सापडलं नाही तर आपण नीट बघितलेलं नसतं. बंद पडलेले कंटेनर कसे बघायचे, कंटेनर काढून टाकला तर आतला डेटा जातो का... कंपनीतली नवी मंडळी रोज हेच विचारतात आणि मी न कंटाळता उत्तरं देते. बरं, थोडी कंटाळते.

गाव उमापूर, तालुका गेवराई. मी घरूनच काम करते. आमच्याकडे मेंढरं आहेत. दादा, म्हणजे माझे वडील, सात महिन्यांपूर्वी गेले. ते आजारी असताना त्यांच्या फोनवर मी चाळीस रेकॉर्डिंग करून घेतली होती — कोकरू आडवं आलं तर काय करायचं, पोट फुगलं तर कुठला पाला द्यायचा, कळप पांगला तर हाक कशी मारायची. रानात असलेल्या चुलत्यांना ती मोबाइलवर ऐकता यावीत म्हणून घरातल्या जुन्या लॅपटॉपवर छोटासा प्रोग्राम लावला. तो डॉकरच्या कंटेनरमध्ये चालायचा. प्रोग्रामचा बंद डबाच म्हणा ना. खरं तर फायली बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर डब्याला जोडायचा असतो, कारण डबा काढला की आतलंही जातं. घरचंच तर काम, म्हणून मी त्या सरळ डब्यातच टाकल्या. वर दादांचा फोनही रिसेट करून चुलत्यांना देऊन टाकला. लोकांना शिकवते ते स्वतः करायचा आळस, दुसरं काय!

चुलते कधीमधी ऐकायचे. रोज ऐकायची ती आई. दादा गेल्यापासून तिचं अन्नावरून मन उडालं होतं. दुपारी एक वाजता माझा मोबाइल शेजारी ठेवून ती ताट घेऊन बसायची. दादा बोलत असेपर्यंत चार घास पोटात जायचे, आवाज थांबला की ताट बाजूला. असंच चाललं तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

त्या दिवशी सकाळी लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे तोही बंद झाला. अकराच्या सुमारास लाइट आली, चालू केला, तर डिस्क भरल्याची सूचना. बंद पडलेले सगळे कंटेनर एका झटक्यात काढणारी कमांड मी दिली. खरंच काढू का, असं ती विचारते. हाताच्या सवयीने होय म्हटलं... आणि मग डोक्यात प्रकाश पडला. लाइट गेली तेव्हा दादांचा कंटेनरही बंद पडला होता.

यादी मागवली. चालू, बंद, सगळे दाखव म्हटलं. एकही ओळ नाही. अख्खी डिस्क धुंडाळली, काही नाही. कंपनीतल्या मित्राला फोन केला.

"गेलं ते," तो म्हणाला. "तूच तर शिकवलंस मला."

एक वाजता आई ताट घेऊन आली. मी कसंबसं तोंड उघडलं, "आई, माझ्या हातून एक चूक झाली..."

"मागून सांग. आदी बसू दे मला," म्हणत तिनं मोबाइलवर नेहमीचं पान उघडलं.

आणि दादा बोलायला लागले.

मी लॅपटॉपकडे धावले. यादीत एक ओळ होती. नाव तेच, आयडीही तोच. काढून टाकलेल्या कंटेनरचा आयडी परत येत नसतो हो, नव्याला नवा मिळतो! पुढे लिहिलेलं — चालू, सात महिने. सकाळी तर लॅपटॉपच बंद होता. कंटेनरच्या आत शिरून फायली मोजल्या. एक्केचाळीस.

शेवटची आईनंच लावली. आधी वारा, मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या. मग दादांचा आवाज.

"ऐकायलीस का गं... कावून उपाशी ऱ्हायलीस? जेव की. हितंच बसलोय मी."

पुढे नुसत्या घंट्या वाजत राहिल्या. आईनं ताट जवळ ओढलं आणि अख्खी भाकरी संपेपर्यंत मान वर केली नाही. मी मात्र हमसून हमसून रडले.

लगेच सगळ्या फायली बाहेर काढून तीन ठिकाणी ठेवल्या. तिन्ही ठिकाणी चाळीसच आल्या. परत आत बघितलं, तिथेही चाळीसच. मित्रानं लॉग तपासले. कंटेनर काढल्याची नोंद आहे, नवा बनवल्याची नाही. "असं होऊ शकत नाही," एवढंच तो म्हणाला. वाचणाऱ्यांपैकी कुणी या क्षेत्रातलं असेल आणि कारण सुचलं तर जरूर सांगा. मला खरंच हवंय.

आई आता रेकॉर्डिंग न लावता वेळेवर जेवते. परवा तिला सगळं कबूल केलं, मीच पुसलं होतं म्हणून. विचारलं, तुला भीती नाही वाटली?

"भ्याव कशाचं माय?" ती म्हणाली. "जलमभर ते मेंढरायशीच बोलले. त्या दिशी माझ्याशी बोलले."