दहा वार छिटाची शिक्षा

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आमच्या बेटावर सें पिएर गावच्या बाजारात माझी कापडाची दोन टेबलं झाली होती. दोन्ही कुणाच्या उपकारावर मिळवली नव्हती. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक ऑस्ट्रेलियन बाई आली, छिटावरून हात फिरवला आणि हसून म्हणाली, "असंच दहा वार माझ्या खापरपणजीने लंडनच्या दुकानातून चोरलं होतं."

मला वाटलं, भाव पाडायची ही नवी तऱ्हा. "मग?" मी विचारलं.

मग सात वर्षांचं काळं पाणी. चार वर्षांची पोर मागे टाकून तिला बायकांनी भरलेल्या जहाजात चढवलं. महिनोन्‌महिने समुद्र. सिडनीला साहेब लोक आले आणि भाजी निवडावी तशा घरकामाला बायका निवडून घेऊन गेले. शिक्षा संपली, पण परतीचं भाडं कोण देणार? ती तिकडचीच झाली. आमचे लोकही या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला जहाजातूनच आले, पण निदान करारावर अंगठा उठवून.

"दहा वारांना सात वर्षं?" माझा आवाज चढला. "तिच्या बाजूने कुणी घासाघीस केली नाही?"

"कुणीच नाही. माझ्या आजीने तर हे जन्मभर लपवलं. मी मात्र शिक्षेचा कागद चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलाय."

तिला मी एक रुपयाही कमी केला नाही. चोरी केलेल्या बाईला भिंतीवर मानाची जागा! आणि मी?

आई गेली तेव्हा तिची बोरमाळ सापडली नाही. शेवटची दोन वर्षं आईचं सगळं मी केलं, म्हणून कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. एवढ्यावर वहिनीने निकाल दिला आणि दादाने तो मानला. पितों गावातल्या आईच्या घरी गणपतीला मला बोलावणं बंद झालं. नऊ वर्षं. भाचरं रस्त्यात दिसली की पाठीमागून 'वोलेर' म्हणायची. क्रेओलमध्ये चोर.

त्या वर्षी मी न बोलावता गेले. आरती व्हायची होती. दादा दारातच उभा राहिला.

"बाप्पासमोर एकदा हो म्हण. मी माफ करतो, आरतीचं ताटही तुझ्याच हातात देतो."

"आणि घेतलीच नसेल तर?"

"आता त्याचं काय! म्हणून टाक नि आत ये."

आतून वहिनी ओरडली, "अहो, आटपा! तिला काय, दिवसभर घासाघीस करायची सवय आहे."

मी मनात हिशेब केला. एक शब्द, आणि आईच्या घरचा गणपती परत. इतका स्वस्त सौदा मला जन्मात कुणी दिला नव्हता.

मी हो म्हटलं.

दादाने खरंच ताट दिलं. सगळ्यांनी आरती म्हटली, मीही म्हटली. प्रसाद वाटता वाटता वहिनी माझ्यापाशी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग वन्सं, माळ कधी आणून देताय?"

मी दादाकडे पाहिलं. तोही उत्तराची वाट पाहत होता.