आत्याने आणलेली गोळी

मंगळसूत्र माझ्या रूममेटचं होतं. गॅदरिंगच्या नाटकासाठी तिने ते मेनरोडवरून आणलं होतं, नकली. त्या सकाळी तिने ते माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "हे घालून जा. मग कुणी काही विचारत नाही."

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घर नांदगावचं, राहायला नाशिकला, कॉलेज रोडच्या मागे मुलींच्या पीजीत. आदल्या दिवशी मी आणि माझा मित्र (मित्र म्हणजे प्रियकरच, पण तो शब्द मी तेव्हा मनातसुद्धा वापरत नव्हते) त्याच्या ओळखीच्या एका रिकाम्या फ्लॅटवर होतो. निरोध फाटला. मोबाइलवर वाचलं, की अशा वेळी घ्यायची गोळी मिळते, तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि जितकी लवकर घ्यावी तितकं बरं. तो मेडिकलमध्ये गेला आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आला.

"काउंटरवर बाई होती गं," तो म्हणाला. "तूच जा ना. मुलींना देतात."

मग मी गेले. पहिल्या दुकानात आमच्याच वर्गातली मुलं उभी होती. मी डोकेदुखीची गोळी मागितली आणि बाहेर पडले. पुढच्या दुकानातल्या माणसाने आधी मंगळसूत्राकडे बघितलं, मग पाठीवरच्या सॅककडे.

"लग्न झालंय?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मग मिस्टरांना पाठवा. नाहीतर चिठ्ठी आणा डॉक्टरची."

चिठ्ठी लागत नाही हे मला माहीत होतं, पण मी 'बरं' म्हणून वळले. मागे कुणीतरी हसलं. दुसऱ्याच कशाला हसलं असेल कदाचित. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि नाशिक रोडची बस पकडली. तिकडे मला ओळखणारं एकच माणूस होतं, माझी आत्या, आणि ती सकाळची घराबाहेर पडत नाही अशी माझी समजूत होती.

स्टेशनजवळच्या दुकानात काही न विचारता गोळी मिळाली. पण त्या बाईंनी ती आधी कागदात गुंडाळली, मग काळ्या पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली. घेताना मला आपण काहीतरी चोरून नेतोय असंच वाटलं. बसस्टॉपवर स्कार्फ सोडून मी पाण्याबरोबर गोळी गिळली. बाटलीचं झाकण लावतेय तोच समोर आत्या. हातात भाजीची पिशवी.

"अगं, तू इकडे कशी?" ती हसत म्हणाली आणि तिची नजर माझ्या गळ्यावर गेली. हसू तिथेच थांबलं.

आत्या बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. ती एकटीच राहायची, सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घ्यायची आणि कॉलनीतल्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. तिने माझं मनगट धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही.

दार लावल्यावर म्हणाली, "कुणाशी केलंस लग्न?"

"नाही केलं."

"मग हे काय?"

"खोटं आहे, आत्या."

मी सगळं सांगितलं. जमिनीकडे बघत, अर्धी अर्धी वाक्यं. ती माझ्यावर ओरडली. "तुझ्या बापाने शिकायला पाठवलं तुला, का ह्याच्यासाठी? आणि तो कुठंय? तो का नाही आला?" मी मंगळसूत्र काढून सॅकमध्ये कोंबलं. मग तिने माझ्यापुढे उपमा ठेवला. दोन घास खाल्ले आणि मला भडभडून आलं. बेसिनपर्यंत कशीबशी पोचले. सगळं बाहेर पडलं.

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला, तोंड पुसायला टॉवेल दिला. मग चष्मा लावून माझ्या सॅकमधल्या गोळीच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचला. खिडकीजवळ नेऊन पुन्हा वाचला.

"घेतल्यावर लवकर उलटी झाली तर परत घ्यावी लागेल, असं लिहिलंय."

"मी आणते," म्हणत मी उठले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने मला खाली बसवलं, रिकामं खोकं उचललं, पायात चपला घातल्या.

मेडिकल तिच्या बिल्डिंगच्या खालीच होतं. ती पहिल्या मजल्यावर राहायची, त्यामुळे गॅलरीतून खालचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं. मी भिंतीला धरून गॅलरीत गेले. दुकानदार तिच्या ओळखीचा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या ती त्याच्याकडूनच घ्यायची. आत्या दुकानाशी पोचली तेव्हा भजनी मंडळातल्या दोघी तिथे उभ्या होत्या. त्या जाईपर्यंत ती थांबेल असं मला वाटलं. तिने खोकं सरळ काउंटरवर ठेवलं.

"ही द्या. आणि उलटी थांबायचं काहीतरी द्या."

दुकानदाराने खोकं हातात घेऊन उलटसुलट केलं. "काकू, ही... कुणासाठी हवीय?"

"मला हवीय," आत्या म्हणाली.

त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी गॅलरीतून आत सरकले, भिंतीला टेकून बसले आणि दुपट्ट्याचा बोळा तोंडात धरला. सकाळपासून मला जी लाज वाटत होती ती ह्यापुढे काहीच नव्हती. एक विधवा बाई, साठीकडे झुकलेली, तिच्या स्वतःच्या दारात.

वर येऊन तिने आधी उलटीची गोळी दिली, थोड्या वेळाने दुसरी. मग म्हणाली, "झोप आता." मी झोपले. संध्याकाळी तिने मला बसमध्ये बसवून दिलं. पाळी थोडी उशिरा आली, पण आली. मी आत्याला फोन करून सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. तो मित्र त्यानंतर लायब्ररीत दिसला की मीच वाट बदलायचे.

दिवाळीला नांदगावला गेले. आई करंज्या लाटत होती. लाटता लाटता म्हणाली, "ह्यंदा भाऊबीजेला तुझ्या आत्याला बोलवायचं नाही म्हणतात तुझे बाबा."

"का?"

"नाशिक रोडला लोक काय काय बोलतायत. ह्या वयात असल्या गोळ्या घेते म्हणे. मंडळातून पण काढलं तिला."

आत्याने मला ह्यातलं काहीही सांगितलं नव्हतं. दर रविवारी आमचा फोन व्हायचा आणि मंडळाचं विचारलं की ती म्हणायची, "चाललंय की."

"आई, ती गोळी माझ्यासाठी होती."

लाटणं थांबलं. आईने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, बाबा ऐकताहेत का म्हणून. मी बोलत राहिले. थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. सगळं ऐकून झाल्यावर तिने पीठ लागलेले हात तसेच पदराला पुसले, असं ती कधी करत नाही, आणि बाहेर गेली. बाहेर ती बाबांशी हळू आवाजात बोलली. मग बाबांचा आवाज आला, फोनवर, घोगरा: "ताई, परवा सकाळच्या गाडीने ये. मी येतो स्टेशनवर."

आत्या आली. तिने बाबांना ओवाळलं. बाबा तिच्या पाया पडले ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले. माझ्याशी ते दोन दिवसांत एक शब्द बोलले नव्हते. स्वयंपाकघरात आत्याने मला कोपऱ्यात घेतलं.

"कशाला सांगितलंस? माझं मी निभावलं असतं."

"तुला मंडळातून काढलं, आत्या."

"पेटी माझी स्वतःची आहे," ती म्हणाली. "घरी वाजवते." पण तिचा आवाज ओला झाला होता आणि ती पटकन पानं वाढायला वळली.

सुट्टी संपल्यावर मला गाडीत बसवायला बाबा आले. डब्यात चढून त्यांनी माझी बॅग वरच्या फळीवर ठेवली, पाण्याची बाटली भरून आणली. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलीस की आत्याला फोन कर." आणि मी हात हलवायच्या आत पाठ फिरवून चालू लागले.