बांध बांधला म्हणून

नव्वदच्या दशकात मी जुईनगरला भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि तलाठ्याच्या हाताखाली लिखापढी करत होतो. नोकरी कच्ची होती. मूळचा मी साताऱ्याकडचा, त्यामुळे समुद्राचं पाणी शेतात शिरतं हे मला ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं. त्या वर्षी मोठ्या उधाणाला घणसोलीच्या पुढच्या एका गावात बांध फुटले आणि भाताच्या खाचरांत खाडी घुसली. सरकारनं मदत जाहीर केली. आम्ही पंचनामे करायला पोचलो तोवर आठ दिवस उलटले होते.

तलाठीसाहेब पोलीस पाटलाच्या ओटीवर चहाला टेकले. "तू बघून ये," म्हणाले. "डोळ्यांना दिसतं तेवढंच लिही. नसती अक्कल पाजळू नकोस."

पहिल्या शेतात फुटलेला बांध तसाच होता. त्या शेताच्या मालकाचा मेहुणा तहसील कचेरीत होता, त्यामुळे काय दाखवायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. मी नुकसान लिहून घेतलं.

पलीकडची तीन खाचरं एका एकट्या म्हातारीची. तिचा बांध मात्र चोपून-लिंपून पक्का उभा. भातही उभं होतं, फक्त टोकं पिवळी.

"बांध कधी घातलात?" मी विचारलं.

"त्याच दिशी, ओहोटी लागली तवा. भरती काय तुमची वाट बघते?"

तिकडची रीतच ती. बांध फुटला की आधी मातीच्या पाट्या डोक्यावर घ्यायच्या, कारण दर भरतीला आणखी मीठ आत येतं. म्हातारीनं वाकून चिखल उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. "चाख." मी जीभ लावली आणि थुंकलो. ती हसली. "आता लिव. दोन-तीन वरसं तरी हितं काय पिकाचा नाय."

मी लिहिलं : बांध सुस्थितीत. पीक उभे. नुकसान आढळले नाही.

माझा हात कुणी धरला नव्हता. दोन ओळी वाढवल्या असत्या तर साहेब फार तर चारचौघांत बोलले असते. मी तेवढ्याला घाबरलो. तोंड अजून खारट होतं आणि मी घाबरलो.

"सगला लिवलास ना, बाला?"

"हो आजी, सगळं लिहिलंय."

तिनं खाली अंगठा उठवला, लुगड्याला पुसला आणि मला घरी नेऊन भाकरी आणि सुकट वाढली. मी लाज न वाटता दोन भाकऱ्या हाणल्या. लाज नंतर आली, ती अजून गेलेली नाही.

महिन्याभरानं चावडीवर मदतीची यादी वाचायला मलाच उभं केलं. कचेरीत मेहुणा असलेल्याचं नाव आलं. म्हातारी सगळ्यात पुढं बसली होती. यादी संपली तशी म्हणाली, "मागच्या अंगाला असंल, बघ." मागचं पान कोरं होतं हे ठाऊक असूनही मी ते उलटून बघितलं.

लोक माझ्यावर ओरडायला लागले. तशी तीच उठली. "त्याला नका बोलू. त्यानं लिवलेला, मी अंगठा दिला ना त्यावर. वरती कुनीतरी कापला असंल."

सगळे माझ्याकडं बघत होते.

"हो," मी म्हणालो, "वरतीच कापलं असेल."