अंबूबाईचा शब्द

"दिलेला शबूद आन् जन्मलेलं पोर माघारी जात नाय," असं अंबूबाई म्हणायची. चुलीपुढे, बाजारात, बाळंतिणीच्या उशाशी, कुठंही. एवढ्या वेळा म्हणायची, की पळसदरीच्या धरणामागच्या आमच्या वाडीतली पोरं तिची नक्कल करायची आणि ती हसायची.

वाडीखाली, आंब्याच्या सावलीला, पांढऱ्या साडीतल्या सिस्टरांनी एक छोटं हॉस्पिटल उघडलं होतं. त्यांच्या संस्थेची अशी रुग्णालयं देशभर आहेत. नफा घेत नाहीत, धर्म विचारत नाहीत. दारावर क्रूस, आत चार खाटा आणि स्वच्छ चादरी. पण वाडीची एकही बाई बाळंतपणाला खाली उतरत नव्हती. सिस्टर एडविना मंगळूरकडची, उंच, सावकाश बोलणारी. झाडलोट करणाऱ्या अंबूबाईला तिनं एकदा विचारलं, "का येत नाहीत गं तुमच्या बायका?"

"वारेपायी," अंबूबाई म्हणाली.

आमच्यात बाळामागून पडलेली वार घराच्या अंगणात पुरतात. सासू ती धुते, हळद-कुंकू लावते, उंबऱ्याच्या उजव्या हाताला खड्ड्यात ठेवते आणि वर दगड ठेवते. वार जिथं पुरली, तिथं माणसाचं मन राहतं. परमुलखात गेलं तरी परत येतं. हॉस्पिटलात वार फेकून देतात, हे वाडीला ठाऊक होतं. आपल्या पोराचं मन कोण उकिरड्यावर टाकील?

सिस्टरनं हातातली चादर घडी करून ठेवली. मग म्हणाली, "तूच नेऊन दे ना घरी."

तेव्हापासून अंबूबाई सागाच्या पानात बांधलेली वार डब्यात घालून टेकाड चढायची. वाटेत गजा गुराखी हटकायचा, "अंबूबाय, आज कुनाचं सोनं आणलंस गं?"

"तुज्या बापाचं नाय, म्हंजे झालं! सर बाजूला!"

तिच्या त्या डब्यामागोमाग बायका खाली उतरू लागल्या. किती तरी पोरं जगली. आज ती खोपोलीच्या कारखान्यांत कामाला जातात आणि त्यांचे दगड अंगणात अजून आहेत.

पुढं संस्थेनं छोटी हॉस्पिटलं बंद केली आणि खालापूरकडे मोठ्या रस्त्याच्या कडेला एक मोठं बांधलं. वाईट केलं असं मी म्हणणार नाही. तिथं रक्त मिळतं, ऑपरेशन होतं, बाळाला काचेच्या पेटीत ऊब मिळते. सिस्टर एडविना तिकडे गेली. तिनं अंबूबाईलाही नेलं, निळी साडी दिली, आया केलं. वाडीवर जीप येऊ लागली आणि जीपमध्ये अंबूबाई असायची.

चिंधीची सून जना पहिलटकरीण. पोर आडवं होतं. चिंधी म्हातारी खमकी. ती जीपपुढे उभी राहिली.

"वार देतील का गं तिथं?"

"मी आणीन."

"शबूद?"

"शबूद."

जनाचं पोट कापून मुलगी काढली. दोघी वाचल्या. पण वार पिवळ्या पिशवीत गेली. त्या पिशव्यांची गाडी येते, त्या सगळ्या भट्टीत जातात. अंबूबाई धावत सिस्टरकडे गेली.

"सिस्टर, माजी वार!"

"तुझी कुठली गं? ह्या वयात?" सिस्टर हसली. मग तिचा चेहरा बघून थांबली. "इथं नियम आहे अंबूबाई, माझ्या हातात नाही. मी वर विचारते. पुढच्या वेळेसाठी नक्की विचारते. ह्या वेळी चिंधीला खरं सांग. मी येऊ का तुझ्याबरोबर?"

"नको. सांगीन मी."

तिला सांगायचंच होतं, असं मला वाटतं. पण खोटी पडणं तिला ठाऊकच नव्हतं. जन्मभर जिचा शब्द वाडीनं खरा मानला, तिला 'नाही जमलं' म्हणता येईना. खोपोलीत एस.टी. बदलताना ती मटणवाल्यापुढे थांबली. बकऱ्याची कलेजी घेतली आणि सागाच्या पानात बांधली.

"उघडू नको," ती चिंधीला म्हणाली. "औषध लावलंय त्याला."

"आन् हळद न लावता पुरू?" म्हणत चिंधीनं गाठ सोडली.

आयुष्यभर तिनं वारा पुरल्या होत्या. तिनं पानाकडे बघितलं, मग अंबूबाईकडे. पान पुन्हा मिटलं आणि हळूच म्हणाली, "पोरगी तरी आमची हाय ना गं? का ती बी बाजारातनं आणलीस?"

एवढंच. पण अंगणात बायका होत्या. दिवस मावळायच्या आत ते वाक्य साऱ्या वाडीत फिरलं. वार खोटी, तर पोर खरं कशावरून? मोठ्या हॉस्पिटलात पोरं बदलतात, असंही कुणी तरी म्हणालं.

पुढच्या महिन्यात जैतूची बायको सुंदरा अडली. जीप आली. सुंदराच्या पायाशी बसून अंबूबाई रडली.

"चल गं माजे बाय. माज्यावर राग धर, पन चल."

जैतू दारातून म्हणाला, "आमाला तुजा शबूद नको. उठ."

जीप रिकामी गेली. सुंदरा वाचली, पोर गेलं. मुलगा होता. त्याची वार मात्र अंगणातच पुरली.

नंतर सिस्टरचा निरोप आला. वरून होकार मिळाला होता. घरच्यांनी मागितली तर वार नीट बांधून घरी द्यायची. अंबूबाईनं निरोप ऐकला, निळी साडी धुऊन परत पाठवली आणि चिंधीच्या अंगणात गेली. मी शेजारी कूड लिंपत होतो.

"कलेजी होती ती," ती म्हणाली. "पोर तुजीच हाय."

"ठावं हाय," चिंधी तांदूळ पाखडत म्हणाली. "नाक बघ की. तिच्या बापाचं, माज्या नामाचंच नाक हाय."

"मग वाडीला सांग ना गं, चिंधे. आता वार देतात तिथं. बायकांना जाऊ दे."

"मी सांगीन बी. पन इचारतील, कुनी सांगितलं? तुजं नाव घेतलं तर कोन ऐकंल? तू हितं असंपर्यंत नाय ऐकायचे."

अंबूबाईनं उंबऱ्याकडे बघितलं. उंबऱ्याच्या उजव्या हाताला एक दगड होता. खाली काही नव्हतं, तरी चिंधीनं ठेवला होता. अंबूबाई वाकली, दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला. "मग जाते," म्हणाली.

बोचकं तिनं आधीच बांधून आणलेलं होतं. तिची बहीण खालापूरच्या अंगाला एका वाडीत असते. टेकाडाची वाट ती उतरली, त्याच वाटेनं, जिच्यावरून डबा घेऊन चढायची. गजा गुरं घेऊन आडवा आला. आज त्यानं हटकलं नाही. गुरं बाजूला घेतली आणि वाट दिली.

चिंधीनं मान वर केली नाही, पण सूप हातात तसंच थांबलं होतं. जना पोरीला खांद्यावर घेऊन दारात आली. सासूपुढे हाक मारायची तिची छाती झाली नाही. अंबूबाई धरणाच्या वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली, आणि पोरीचं तोंडही तिनं तिकडेच फिरवून धरलं होतं.