जळलेल्या कापसाची राख

आज प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर कापसाचा बोळा पेटला आणि त्या वासानं मी थेट वरवट बकाल गावातल्या आमच्या ओसरीवर पोचले. माझे कान नुकतेच टोचले होते. रक्त थांबेना. आई कापूस जाळून त्याची राख कानाला दाबत होती. सगळ्या बायांसमोर आत्या तिला म्हणाली, "काऊन थांबून नाही राह्यलं? तुह्या माहेरचंच रक्त खोटं हाय!" आई त्या घरात पुन्हा मान वर करून बोलली नाही.

मी न गोठणाऱ्या रक्ताचीच संशोधक झाले. यंदा घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. आईचं निर्दोष निघालं. माझ्यातला दोष वडिलांकडचा, आणि तोच आत्याच्याही रक्तात.

रविवारी आत्याच्या नातीचे कान टोचायचे आहेत. सोनारानं तार उचलण्याआधी मी अहवाल मोठ्यानं वाचणार आहे. सगळ्या बायांसमोर, आईला शेजारी बसवून.