यादीतून गेलेलं नाव

ग्लेनिस प्रॉसरनं आयुष्यात कधी नियम मोडला नाही, आणि दुसऱ्यानं मोडलेला तिला खपतही नसे. वेल्समध्ये पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेली बाई. १९९८ साली नवरा ट्रेव्हर निवृत्त झाला आणि दोघं फ्रान्समधल्या शांप्रिए गावात येऊन राहिली. गाव दोनशे चाळीस माणसांचं. पाच वर्षांत ट्रेव्हर गेला. आता बाई परत जाणार, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. बाई काही गेली नाही.

मग एका हिवाळ्यात गावची पाण्याची मुख्य नळवाहिनी फुटली. सरपंच रेजिसनं तीन ठिकाणी रस्ता खणला, तिन्ही ठिकाणी नुसती माती. ग्लेनिस खड्ड्याशी येऊन उभी राहिली.

"नकाशा कुठाय?" तिनं विचारलं.

"जुन्या नळवाल्या फेर्नांच्या डोक्यात होता," रेजिस म्हणाला. "आणि फेर्नांला मागच्या वर्षी पुरला."

त्यानंतर दोन महिने ती शेजारच्या युगेतला घेऊन घरोघर हिंडली. युगेत तेव्हा एकोणसत्तर वर्षांची, कोंबड्या पाळणारी, जिभेला हाड नसलेली विधवा. कुठल्या अंगणाखाली कुठला व्हॉल्व्ह आहे हे म्हाताऱ्यांना विचारून विचारून ग्लेनिसनं नकाशा काढला. २००८च्या ग्रामपरिषदेच्या निवडणुकीत तिला सरपंचापेक्षा नऊ मतं जास्त पडली.

हे शक्य झालं ते एका करारामुळे. युरोपातल्या देशांनी १९९२ साली ठरवलं होतं, की युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा नागरिक हा साऱ्या संघाचाही नागरिक. जिथं राहील तिथल्या गावात त्यानं मत द्यावं, उभंही राहावं. फ्रान्समध्ये मात्र अशा माणसाला सरपंच किंवा उपसरपंच होता येत नसे, आणि मतपत्रिकेवर नावापुढं त्याचा देश छापावा लागे. "ग्लेनिस प्रॉसर, ब्रिटिश." तिला त्याचं काही वाटायचं नाही. रेजिस चिडवायचा, "बरंय हा कायदा आहे, नाहीतर माझी खुर्ची केव्हाच गेली असती." २०१४ला ती पुन्हा निवडून आली. बारा वर्षं सभेचं इतिवृत्त तिनंच लिहिलं, व्याकरणाच्या चुकांसकट.

२०१६मध्ये ब्रिटननं संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर मत घेतलं. पंधरा वर्षांहून जास्त काळ परदेशी राहिलेल्यांना त्यात मत नव्हतं. ग्लेनिसला अठरा झाली होती. कौल बाहेर पडण्याचा आला. तिच्या जन्मगावानं तिला न विचारता तिचा निकाल लावला, याचा तिला मनस्वी राग आला. तरी ती म्हणत राहिली, "एकदा दिलेला हक्क कोणी काढून घेत नाही. कायद्याला काही लाज असते." फ्रेंच नागरिकत्वाचा अर्ज तिनं याच भरवशावर तीन वर्षं लांबवला. शेवटी केला तेव्हा रांग लांबच लांब लागलेली होती.

२०२०च्या फेब्रुवारीत पत्र आलं. आपण आता संघाच्या नागरिक नसल्यामुळे आपलं नाव मतदारयादीतून कमी करण्यात आलं आहे. संघाचं नागरिकत्व स्वतंत्र नव्हतंच, देशाच्या नागरिकत्वावर चढवलेला मजला होता तो. खालचा मजला संघाबाहेर गेला, तसा वरचा कोसळला. त्र्याहत्तराव्या वर्षी ग्लेनिसला जगात कुठंच मत उरलं नाही.

युगेतला तिनं पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे उभं राहता येणार नाही?"

"मतसुद्धा देता येणार नाही."

"आणि तो गास्तों उभा राहणार! रात्रभर कुत्री भुंकवणारा!" युगेतनं कपबशी आपटली. "मी तुझं नाव हातानं लिहीन."

लहान गावांत तशी जुनी रीतच होती. छापील पत्रिकेवरचं नको ते नाव खोडायचं आणि हवं ते पेनानं लिहायचं, मग तो माणूस उभा असो वा नसो. पण २०१४पासून जो रीतसर उमेदवार नाही त्याचं मत धरत नाहीत. ही सूचना तेव्हा फळ्यावर ग्लेनिसनंच लावली होती.

"लिहू नकोस. वाया जाईल," ती म्हणाली. "मी स्वतः सांगितलंय सगळ्यांना."

"तू पुष्कळ सांगतेस गं," युगेत म्हणाली.

मार्चच्या पंधरा तारखेला मतदान झालं. साथ सुरू झाली होती, म्हणून प्रत्येकानं घरून आपापलं पेन आणलं होतं. अकरा जागा, अकरा उमेदवार. ग्लेनिस दिवसभर घरीच होती. संध्याकाळी मोजणी कोणालाही पाहता येते, म्हणून ती जाऊन सभागृहात मागच्या बाकावर बसली.

रेजिसनं पहिली पत्रिका उघडली आणि नावं मोठ्यानं वाचू लागला. दहाव्या नावानंतर तो थांबला. गास्तोंचं नाव खोडलेलं होतं.

"ग्लेनिस प्रॉसर," त्यानं वाचलं. खाकरला. "हे धरायचं नाही. पुढची."

पुढच्या पत्रिकेतही तेच. तिच्या पुढचीतही. कोणी नाव नीट लिहिलेलं, कोणी जमेल तसं. एकानं तर सवयीनं पुढं "ब्रिटिश"सुद्धा लिहिलं होतं. नोंद करणारी मुलगी दर वेळी पेन उचलायची आणि तसंच खाली ठेवायची.

"रेजिस, उमेदवार नसलेली नावं वाचायची गरज नाही," शेवटी ग्लेनिसच मागून म्हणाली. 

"मादाम, मोजणी मी चालवतोय," रेजिस म्हणाला. "पत्रिकेवर आहे ते मी वाचणार."

एकशे एकोणीस पत्रिका. निवडून यायला साठ मतं हवी होती. दहा जण आले. गास्तोंला अडतीस, त्याची जागा रिकामी राहिली. ग्लेनिस प्रॉसर हे नाव एक्क्याऐंशी वेळा वाचलं गेलं. ते कुठल्याच कागदावर चढलं नाही.

मग नियमाप्रमाणे पत्रिका नष्ट करायच्या होत्या, मतदारांच्या देखत. रेजिसनं सभागृहातली शेगडी उघडली.

"मतदारांनी पुढं यावं."

सगळे उठले. ग्लेनिस जागची हलली नाही. ती मतदार नव्हती. युगेत काठी टेकत मागं आली आणि तिच्या शेजारी बसली.

"तू जा ना पुढं," ग्लेनिस म्हणाली. "तुला हक्क आहे. आणि तुला बजावलं होतं, मत वाया घालवू नकोस म्हणून. सगळ्या गावाला शिकवलंस ना?"

"मी कोणाला काही शिकवलं नाही. आणि वाया कसं गेलं?" युगेत म्हणाली. "तू ऐकलंस ना?"

ग्लेनिसला हुंदका आवरेना. पुढं शेगडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला.