सुहासिनीताईंनी रिकामी ठेवलेली जागा

संगीतकार सुहासिनीताई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. मी त्यांना प्रथम पाहिले हरसूलच्या आठवडे बाजारात, आणि पाहताक्षणी मला त्यांचा संशय आला. मिरच्यांच्या ढिगाजवळ, कानांना हेडफोन लावून, काठीला बांधलेला माइक लोकांपुढे धरून त्या उभ्या होत्या. धरणाचा सर्व्हे असणार, अशी कुजबूज सुरू झाली. मी गावचा शिक्षक. चौकशी माझ्यावर आली.

"आवाज गोळा करते," त्या म्हणाल्या. "डोंगरातून आवाज कसा परततो, याचा अभ्यास करते. त्यातून संगीत रचते."

कोणालाही ते पटले नाही. पूर्वी एक पाहुणा आमच्या गावच्या सोमाबाबांची पावरी, म्हणजे भोपळ्याचे फुंकून वाजवायचे वाद्य, अशीच रेकॉर्ड करून गेला होता. पुढे ते सूर एका जाहिरातीत वाजले. बाबांना कोणी विचारलेसुद्धा नाही. त्यामुळे ताईंनी पावरी ऐकवण्याची विनंती करताच बाबा म्हणाले, "नाय. तुमी शेरातली मान्सं सारखीच."

ताईंनी आग्रह केला नाही, पण येणे सोडले नाही. ओढा, वारा, म्हशींच्या घंटा टिपत राहिल्या. पत्र्याच्या शाळेत माझे शिकवणे घुमून मागच्या मुलांना कळत नसे; त्यांनी भिंतींना गोणपाट लावून घेतले आणि शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागले. तरी गावात बोलले गेलेच, "गोणपाटामागं काय लपवलंय?" मीही एकदा उचकटून पाहिले.

त्यांच्या नव्या रचनेचा कार्यक्रम नाशिकला झाला, तेव्हा मी चोरी पकडायलाच गेलो. ओढा आला, बाजार आला. मग सारे थांबले. सभागृह चुळबुळू लागले. ताई ध्वनिक्षेपकावर म्हणाल्या, "इथे पावरी हवी होती. वादकांनी नकार दिला. त्यांची जागा मी दुसऱ्या कशाने भरणार नाही."

मी हे सोमाबाबांना सांगितले. त्यांनी खुंटीवरची पावरी काढून पुसली. मग म्हणाले, "वाजवीन. पन मी सोता तिथं बसून. पेटीत भरायचं नाय."

ताईंनी ती अट मान्य केली. तेव्हापासून ती रचना बाबांशिवाय पूर्ण होत नाही, आणि तिचे ध्वनिमुद्रण कुठेही नाही.

या गौरवग्रंथासाठी बाबांना दोन शब्द मागितले. ते म्हणाले, "लिवा, बाईवर माजी नजर हाय अजून. तिनं लय वरसं येत ऱ्हावं, मंजी मला नजर ठिवता यील."

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, यासाठी याहून मोठी प्रार्थना मला सुचत नाही.